पापणी

त्या माकडिणीची डावी पापणी सुजलेली होती. वरची. एवढंच झालं होतं, पण तीन आठवडे उलटले तरी ती पापणी डोळ्यांसमोरून हलत नाही.

फेब्रुवारीतला रविवार होता. धाकटी जाऊ आणि तिची दोन मुलं पुण्याहून आली होती. मुलांना लेणी बघायची होती, म्हणून बोरिवलीच्या गेटवरून बस पकडून कान्हेरीला गेलो. काटेसावरी फुलल्या होत्या. झाडावर पान नाही, नुसती लाल, मांसल फुलं, आणि फांद्याफांद्यांवर टोपीवाली माकडं ती फुलं तोडत, आतलं चाटत, उरलेलं खाली टाकत बसलेली. पायऱ्यांवर चुरगळलेल्या फुलांचा चिकट गोडसर वास होता. चैत्यगृहाच्या अलीकडे कट्ट्यावर विशीबाविशीचा एक मुलगा मित्रांबरोबर बसला होता. त्याला खोकल्याची उबळ आली. छातीच्या तळातून वर येणारा ओला खोकला. तो आवाज मी ओळखते. तोंडावर धरलेला हात त्याने तसाच वेफर्सच्या पाकिटात घातला, मूठभर वेफर्स काढले आणि समोरच्या माकडिणीपुढे धरले. तिने एकेक उचलून गालाच्या थैलीत भरला. मित्र फोनवर व्हिडिओ काढत होते. मुलगा हसत आणखी पुढे वाकला, तशी तिने भुवया वर ओढल्या आणि क्षणभर तिच्या फिक्या पापण्या उघड्या पडल्या. उजवी सपाट होती. डावी फुगलेली.

मी म्हटलं, "अरे, देऊ नकोस तिला." तो म्हणाला, "काकू, ती काही करत नाही." त्याला वाटलं, मला त्याची काळजी वाटतेय.

त्या पापणीला काय झालं असेल, त्याची दहा साधी कारणं मला माहीत आहेत. गांधीलमाशी चावली असेल. दुसऱ्या मादीने ओरबाडलं असेल. काटा लागला असेल. मला जी भीती वाटली ती शास्त्राच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही, हेही मला ठाऊक आहे. तरी त्या रात्री मी उठून बसले आणि अंधारात बोटं मोजत राहिले. चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास, बहात्तर तास.

माझे बाबा परळच्या एका संशोधन संस्थेत माकडांच्या खोलीवर कामाला होते. हुद्दा अ‍ॅनिमल अटेंडंट, चतुर्थ श्रेणी. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना 'माकडवाले' म्हणत. त्यात चेष्टा नव्हती. कोणी 'साच्यावाले' होते, कोणी 'खानावळवाले', तसे हे. पहाटे साडेपाचला ते चालत निघायचे आणि संध्याकाळी परतायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला फिनेल, उकडलेले हरभरे आणि माकडांच्या मुताचा तिखट दर्प, असं सगळं एकत्र चिकटलेलं असायचं. आई तो सदरा वेगळा भिजवायची. मला तो वास आवडायचा. अजूनही कुठे फिनेलने फरशी पुसलेली असली आणि शेजारी कोणी केळं सोलत असलं, तर माझं पाऊल थबकतं.

त्यांच्या खोलीत 36 पिंजरे होते. प्रत्येक माकडाच्या छातीवर गोंदलेला नंबर. संस्थेच्या कागदांत तो नंबर हेच त्याचं नाव, आणि बाबाही घरी नंबरानेच बोलायचे; पण आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांबद्दल चाललंय. एकोणीस आज जेवली नाही. चौदाची आणि पंधराची जाळीतून बोटं धरून दुपारभर झोप. सत्तावीस परत चिडला. सत्तावीस म्हणजे थोराड, चिडका नर. बाबांच्या उजव्या मनगटाच्या वर दोन वळ होते, ते त्याचे. चावलं की साबणाच्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धरायचा, हा नियम मला पाढ्यांबरोबर पाठ झाला होता. त्यामागचं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. या मॅकॅक जातीच्या माकडांच्या लाळेत एक विषाणू असू शकतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, माणसाच्या मात्र तो मेंदूपर्यंत जातो. 1932 साली अमेरिकेत एक तरुण डॉक्टर असंच माकड चावल्यानंतर दगावला होता आणि त्यातूनच या विषाणूचा शोध लागला. बाबांना हे साहेबांनी सांगितलं होतं. त्यांनी घरी कधी सांगितलं नाही.

रविवारी कधी कधी ते मला बरोबर न्यायचे, फाटकापर्यंतच. आत मुलांना बंदी. पण खिडकीच्या जाळीतून लांबून दिसायचं. तिथे उभं राहण्याचेही नियम होते. "चेडवा, तेंच्या डोळ्यांत बघू नको. आणि दात दाखवू नको गो." रोखून बघणं म्हणजे धमकी. भुवया उचलून फिकी पापणी दाखवणं म्हणजे धमकी. दात दिसणं म्हणजे तर काहीतरी बिनसलेलं आहे. आपण माणसं एकमेकांना भेटल्यावर जे जे करतो, रोखून पाहतो, हसतो, भुवया उंचावतो, ते सगळं तिथे उलटं पडतं. मग प्रेमाने बोलायचं कसं? बाबा ओठ मिटून भराभर उघडमीट करायचे, दात न दाखवता, बारीक चपचप आवाज करत. आतून तसंच उत्तर यायचं. माझा मुलगा झाला तेव्हा बाबा गावाहून त्याला बघायला आले. बारशाच्या दिवशी पाळण्यावर वाकून त्यांनी तीच चपचप केली. माझ्या सासूबाईंना ते विचित्र वाटलं. बाळ मात्र त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिलं. पुढे वाचनात आलं की मॅकॅक माकडांच्या आया तान्ह्या पिल्लाचं तोंड हातात धरून, त्याच्या डोळ्यांत बघत अशीच ओठांची उघडमीट करतात, आणि काही दिवसांचं पिल्लू ती परत करून दाखवतं. तिथे मात्र डोळ्यांत बघणं चालतं.

आता पापणीचं सांगते.

माकडांना क्षय फार चटकन लागतो. रानातल्या माकडांत तो क्वचितच आढळतो. तो येतो आमच्या संगतीने. पकडून आणलेलं, घाबरलेलं, एकमेकांच्या श्वासात कोंडलेलं माकड, आणि त्याला खाऊपिऊ घालणारा, खोकणारा माणूस. एकाला लागला की अख्खी खोली जाऊ शकते. म्हणून सगळ्यांची नियमित चाचणी. रॉबर्ट कॉखने 1882 च्या मार्चमध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला, आणि 1890 मध्ये ट्युबरक्युलिन नावाचा अर्क क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केला. औषध म्हणून तो फसला, पण रोग ओळखायची चाचणी म्हणून टिकला. माणसाला ती सुई हाताच्या कातडीत देतात. माकडाला वरच्या पापणीत. बारीक सुई, 0.1 मिलिलिटर, कातडीच्या आतल्या आत. पिंजऱ्याची मागची जाळी पुढे ओढायची, माकड जागच्या जागी दाबून धरायचं, गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि मग पापणी बोटावर ताणून घ्यायची. हे ऐकून लहानपणी माझ्या पोटात गोळा यायचा. मी विचारलं, "पापणीतच कशाला?" बाबा म्हणाले, परत परत पकडायला लागू नये म्हणून. हाताला दिली तर निकाल बघायला तीनदा धरा, तीनदा गुंगी द्या. पापणी बाहेर उभं राहूनच दिसते. 24, 48 आणि 72 तासांनी नुसतं समोर जायचं आणि बघायचं. काहीच नाही तर शून्य. तिथून चढत पाचापर्यंत. पाच म्हणजे सुजून डोळा मिटलेला.

निकाल वहीत लिहायचं काम तंत्रज्ञाचं. पण बाबा आपलीही एक वही ठेवायचे. त्यांना अक्षरं बेताची, आकडे चांगले. नंबर आणि त्यापुढे शून्य. पानंच्या पानं शून्य.

कारण शून्य नसेल त्याचं काय होतं, ते बाबांना माहीत होतं. अशा माकडावर सहसा उपचार करत नाहीत. बाकीच्यांना वाचवायचं म्हणून त्याला संपवतात.

1986 च्या पावसाळ्यात बाबा खोकायला लागले. गिरण्यांचा संप होऊन चार वर्षं झाली होती, चाळीत अर्ध्या घरांत पुरुषमाणूस दिवसा घरी असायचा, एका खोलीत आठ-आठ, नऊ-नऊ जणं. खोकला सगळीकडेच होता. पण बाबांचं वजन उतरलं, संध्याकाळी अंग तापायला लागलं, आणि एक दिवस संस्थेतल्या एक्सरेत डाग दिसला. त्या क्षणापासून त्यांना माकडांच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी झाली. योग्यच होतं ते. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात कार्ड निघालं, सुया सुरू झाल्या, आणि त्या तांबड्या गोळ्या, ज्यांनी लघवी केशरी होते. चाळीत कुजबुज सुरू झाली, की शेवटी माकडांनीच दिला रोग. एका बाईने आईला तोंडावर सांगितलं, "त्या घाणीत कामाला गेल्यावर दुसरं काय होणार?" आई गप्प राहिली. बाबांची ताटवाटी वेगळी झाली होती. ते खिडकीशी भिंतीला टेकून बसायचे आणि कोणालाच न उद्देशून एकच वाक्य म्हणायचे.

"माझा काय ता होवंदे. तेंच्या पापण्यो सुजल्यो तर?"

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला राग आला होता, तो आजही आठवतो. आमच्या घरात सगळे घाबरलेले, मला धाकट्या भावाजवळ झोपू देत नव्हते, आणि या माणसाला माकडांची पडलीय. आपला बाप मरेल, या भीतीची मला लाज वाटावी इतकं त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. आज मी त्यांच्या त्या वयाच्या पुढे गेलेय, आणि त्या दिवसांचा वेगळाच हिशेब दिसतो. रोग कोणीकडून कोणाकडे जातो, हे त्या सबंध चाळीत फक्त त्यांना माहीत होतं. चाळीला वाटत होतं, पिंजऱ्यातून बाहेर येतो. त्यांना माहीत होतं की पिंजऱ्यातल्यांना तो आमच्याकडून लागतो आणि त्यांना उठून दुसरीकडे जाता येत नाही.

सगळ्या माकडांची चाचणी लगेच ठरली. त्यानंतर चार दिवसांनी बाबांचे एक सहकारी रात्री चाळीत आले. दारातच थांबले, आत आले नाहीत, आणि शाळेच्या वहीचा एक दुहेरी कागद आईच्या हातात दिला. नंबर आणि पुढे शून्य, नंबर आणि पुढे शून्य. बाबांनी दिव्याखाली कागद धरला, बोट ठेवून वरून खाली गेले. परत वर आले. तिसऱ्यांदा खाली गेले. मग दाराकडे बघून विचारलं, "सत्तावीस खंय गेलो?"

कागदावर पस्तीस नंबर होते.

त्या माणसाने मान हलवली. त्याला माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. सत्तावीसला दुसऱ्या खोलीत हलवलं असेल. दुसऱ्याच कामासाठी नेलं असेल. ती संशोधन संस्था होती, माकडं तिथे पाळायला आणलेली नव्हती. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी झाली, पुन्हा पस्तीस शून्यं आली. बाबा बरे झाले. परत कामावर गेले, तेव्हा त्या पिंजऱ्यात दुसरं माकड होतं. त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना कधी विचारलं नाही. फक्त बोलता बोलता कधी कधी ते डाव्या हाताच्या अंगठ्याने उजव्या मनगटावरचे ते दोन वळ चोळायचे.

पुढे मी शिक्षिका झाले. लहान मुलांच्या वाढीबद्दल शिकताना हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग आले. विस्कॉन्सिनमध्ये ऱ्हीसस जातीच्या माकडांची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच आईपासून तोडली आणि त्यांना दोन बनावट आया दिल्या. एक तारेची, दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्लं तारेच्या आईकडे दूध पिण्यापुरती जायची आणि उरलेला दिवस कापडाच्या आईला बिलगून राहायची. 1958 साली हार्लोने हे मांडलं आणि मुलांच्या संगोपनाचा विचारच बदलला. वर्गात बाई शिकवत होत्या आणि मला आमच्या घरातली एक गोधडी आठवत होती. बाबांच्या खोलीतली एक माकडीण बाळंतपणात गेली होती, आणि बाबा आईच्या नकळत गोधडीचा फाटका तुकडा घेऊन गेले होते. पिल्लाला गुंडाळायला. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. चाळीतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं, लेकराला ऊब लागते. मला त्या वर्गात संताप आला होता, की हे कळायला एवढ्या पिल्लांना आईवेगळं करावं लागलं? पण त्याच धड्यात पुढे होतं, की त्या काळी तिकडचे मोठमोठे तज्ज्ञ आयांना बजावत होते, मुलांना फार कुरवाळू नका, लाडावतील. अनाथालयांत तान्ही मुलं वेळेवर दूध मिळूनही कोमेजत होती. ज्यांना गोधडीचं ऐकायचं नव्हतं, त्यांना आकडे ऐकावे लागले. त्या आकड्यांमुळे किती मुलांना कोणी उचलून घेतलं असेल, मला माहीत नाही. हे दोन्ही विचार माझ्या मनात शेजारी शेजारी बसून आहेत. एकाने दुसऱ्याला अजून उठवलेलं नाही.

माझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण आहे, माझ्या पिढीत बहुतेकांच्या असतो तसा. ही लस लहान बाळांना क्षयाच्या जीवघेण्या प्रकारांपासून वाचवते, मोठ्या माणसाच्या फुप्फुसांचं रक्षण मात्र फारसं करत नाही. 2020 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक संशोधन आलं. हीच जुनी बीसीजी कातडीत न देता शिरेतून दहा ऱ्हीसस माकडांना दिली. सहा महिन्यांनी त्यांना मुद्दाम क्षयाच्या जंतूंचा संसर्ग दिला. दहापैकी नऊ माकडं तरली. सहांच्या शरीरात तर जंतूचा मागमूसही लागला नाही. मी ती बातमी दोनदा वाचली. क्षयाने माणसं गेलेल्या घरात अशा बातमीने काय होतं, ते मी कसं सांगू? आणि मग माझ्यातली माकडवाल्याची मुलगी तिसऱ्यांदा वाचायला लागली. फुप्फुसात काही नाही हे खात्रीने कळायचं असेल, तर फुप्फुस उघडून बघावं लागतं. ते शून्यही तसंच लिहिलं गेलं होतं.

पुढच्या वर्षी मी कोव्हॅक्सिनचे दोन डोस घेतले. त्या लशीसाठीही 20 ऱ्हीसस माकडं लागली होती. पाच-पाचांचे चार गट. टाळेबंदीत गावंशहरं ओस पडली, खाणं बंद झालं, तशी माकडं रानात पांगली होती. शोधत शोधत शेवटी नागपूरच्या बाजूला सापडली. केंद्रावर दंड पुढे करून बसले होते तेव्हा नर्स म्हणाली, "ताई, हात सैल सोडा." माझा हात सैल होईना. मला सुईची भीती नव्हती.

बाबांचं आयुष्य पिंजऱ्यांसमोर गेलं, पण त्यांच्या मनात एक प्रश्न कायम होता, की यांना कोंडल्याशिवाय यांच्याकडून काही शिकता येणार नाही का? येतं. ते त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या शेजारच्या धारवाडला साठच्या दशकात युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होते, वही आणि दुर्बीण घेऊन. टोळीचा नवा म्होरक्या आधीची तान्ही पिल्लं मारतो, हे तिथे पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पुढे अबूच्या पहाडावर सारा हर्डी या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी त्याचा अर्थ लावला. ते वाचून मला काही बरं वाटलं नाही. पण ते वानरांचं वानरांत होतं. बघणारा फक्त बघत होता. आणि त्याहून लांब, कॅरिबियन समुद्रात, कायो सांतियागो नावाचं एक इवलंसं बेट आहे. 1938 साली भारतातून आगबोटीने नेलेली सुमारे चारशे ऱ्हीसस माकडं तिथे सोडली. आज तिथे आहेत ती त्यांचीच पणतवंडं-खापरपणतवंडं. बेटावर ती मोकळी हिंडतात, माणसं बोटीने येतात, नोंदी करतात, संध्याकाळी जातात. 2017 मध्ये तिथे मारिया वादळ आलं. झाडांचा जवळजवळ दोन तृतीयांश पाला गेला आणि सावली संपली. ऱ्हीसस ही भांडकुदळ जात, परक्याला शेजारी बसू देत नाही. ती माकडं वादळानंतर उरलेल्या सावलीच्या पट्ट्यात एकमेकांना चिकटून बसायला लागली. ज्यांच्याशी आधी नातं नव्हतं, त्यांच्याशीही. आणि पुढच्या वर्षांतल्या नोंदींत दिसलं, की ज्यांनी सावली वाटून घेतली, ती जास्त जगली. त्याच वादळाने त्यांच्या शरीरावर खूण ठेवलीच होती. रक्त तपासलं तेव्हा रोगप्रतिकारशक्ती सरासरी दोन वर्षांनी म्हातारी झालेली आढळली. माणसाच्या हिशेबात सात-आठ वर्षं. 26 जुलैच्या पुरात अनोळखी माणसांच्या घरात पंधरा जणांनी एका चटईवर रात्र काढलेली मला आठवते. त्या रात्रीने माझीही काही वर्षं नेली असतील.

आणखी एक संशोधन मी बाबांना सांगायला हवं होतं. 2016 सालचं आहे, तेव्हा ते होते. अमेरिकेत 45 माकडिणींचे पाच-पाचांचे गट केले. जी आधी आत गेली ती वरचढ, शेवटी गेली ती सगळ्यांत खालची. खालच्या पायरीवरच्या माकडिणींच्या रक्तातल्या पेशी सतत दाहाच्या तयारीत राहायला लागल्या, जणू शरीर कायम मार खायला सज्ज. मग गट मोडून पायऱ्या बदलल्या, तसं रक्तही बदललं. दोष त्या माकडिणींत नव्हता, जागेत होता. 34 वर्षं चतुर्थ श्रेणीत काढलेल्या, साहेब आले की खुर्चीतून उठणाऱ्या माझ्या बापाला हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते? बहुतेक विचारलं असतं, त्या बायांना कोणी उवा काढायला होतं का? आणि खरंच, अंगावर हात फिरवणारं कोणी आहे की नाही, याचाही त्या रक्तात हिशेब निघाला होता.

ते निवृत्त होऊन गावी गेले, दोडामार्गला. आमच्याकडे माकडाला केलडं म्हणतात, काळतोंड्याला वांदर. आणि दोघांनाही नारळ, केळी, काजूचे शत्रू मानतात. बाबांच्या बागेतून मात्र त्यांना कोणी हाकलत नसे, यावरून भावकीत भांडणं झाली. 2016 मध्ये तालुक्यात माकडताप आला. 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला हा आजार गोचिडीतून होतो. गोचीड माकडालाही चावते, माणसालाही. माकडं पटापट मरतात, आणि मेलेल्या माकडावरून उतरलेल्या गोचिडी पाचोळ्यात पसरतात, जिथे बायका काजू वेचायला आणि माणसं लाकडाला जातात. काजूच्या हंगामातच तो आला. आरोग्य खात्याची माणसं अंगाला लावायचं तेल वाटत होती आणि सांगत होती, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, कळवा. गावात पुन्हा तीच चर्चा, माकडांनी रोग आणला. नावातच आहे ना. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा काठी टेकत पारावर गेले आणि म्हणाले, "माकड मरता तेवा ता आमका सांगून मरता. तुमी आयकत नाय." मला हे चुलतभावाने फोनवर सांगितलं. तो हसत होता. बाबा 2019 मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत पेन्शनचे कागद, आईचा फोटो आणि शून्यांच्या चार वह्या निघाल्या. वह्या माझ्याकडे आहेत.

काल बुधवारी शाळेला सुट्टी होती. मी एकटीच कान्हेरीला गेले. पिशवी नेली नाही, तोंडाला मास्क लावला, खिशात बसच्या पैशांशिवाय काही नव्हतं. सावरीची फुलं संपत आली होती. आठवड्यातला दिवस, माणसं कमी. पाण्याच्या एका पोढीपाशी, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यापाशी, टोळी बसली होती. मी थोडी लांब, दगडावर, त्यांच्याकडे अर्धी पाठ करून बसले. एका पोरसवदा नराने जवळ येऊन माझे तळहात बघितले, काही नाही म्हटल्यावर निघून गेला. उन्ह चढायला लागलं तशी ती सगळी कातळाच्या सावलीत सरकली. रोखून न बघता बघायला वेळ लागतो. नजर पायाशी ठेवायची, मध्येच वर उचलायची, लगेच परत खाली. एकेकाची पापणी दिसायला पाच-सात मिनिटं जातात. मी बसले. शून्य. पिल्लू पोटाशी धरलेली मादी, दोन्ही पापण्या स्वच्छ, शून्य. कान फाटलेला म्हातारा नर, शून्य. पाणी पिऊन मान वर केलेली एक, शून्य. अकरा झाली.

बारावी कपारीत बसली होती, पाठमोरी. अंगाने तीच वाटत होती. दुसरी एक मादी तिच्या मानेवरचे केस विंचरून काहीतरी वेचत होती, आणि तिने डोकं पुढे टाकलं होतं. मी चार वाजेपर्यंत थांबले. खालून शेवटच्या बसचा हॉर्न दोनदा वाजला. तिने तोंड वळवलं नाही.

वहीत मी अकरा नंबर घातले आणि त्यांच्यापुढे शून्य. बाराव्या ओळीवर नंबर घातला आहे, पुढची जागा रिकामी आहे. शनिवारी परत जाणार आहे.